रक्तातलं बी

देवासात राजे दोन होते आणि खंडोजी न्हावी एक होता. थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या गादीचे, कारभारी आणि धाकट्या पातीचे फडणीस एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत, पण दोघांच्या हनुवटीखालून फिरायचा तो वस्तरा खंडोजीचाच. सकाळी रस्त्याच्या अलीकडे एका राज्यात दाढी, मग हत्यारांची धोकटी काखेत मारून पलीकडे गेला की दुसऱ्या राज्यात दुसरी. दोन्हीकडची भांडणं त्याच्या कानावर पडत आणि कानातच राहत. त्याचे पणजोबा मराठी फौजेबरोबर दख्खनेतून माळव्यात आले तेही अशाच एका धोकटीनिशी. तीस वर्षांत खंडोजीनं एकाही गालावर रक्ताचा ठिपका काढला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे. पण दुसरं कुणी सांगू लागलं, तर ते पुरं ऐकल्याशिवाय जागचा हलतही नसे.

असा हा खमक्या माणूस १९०८ सालच्या आश्विनात आठ दिवस धड जेवला नाही. त्याला कारण झालं थोरल्या पातीच्या शाळेतलं एक यंत्र.

त्या शाळेत कृष्णराव नावाचे मास्तर होते. पुण्याकडून आलेले, अंगानं काटकुळे, आणि शिकवायला लागले की जेवणाची वेळ विसरणारे. गावात सगळे खंडोजीला अरे-तुरे करत. कृष्णराव मात्र 'खंडोजी, तुम्ही' म्हणत, आणि तेवढ्यावर खंडोजी त्यांना विकला गेला होता. मास्तरांनी दोन वर्षं अर्ज करकरून दरबाराकडून एक सूक्ष्मदर्शक मिळवला. खंडोजी त्याला दुर्बीण म्हणायचा. दुर्बीण आली, पण तिच्याखाली ठेवायला देठाचा पातळ काप मास्तरांना कापता येईना. एकदा दाढी करून घेताना त्यांनी हे दुःख सांगितलं आणि आपला वस्तराही दाखवला. खंडोजीनं त्याच्या धारेवरून अंगठ्याची कड फिरवली.

"मास्तरसाब, ह्यानं तर दोडकाबी कापला जाणार नाही. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यानं एरंडाचा कोवळा देठ गाजराच्या चिरेत धरला, वस्तरा पाण्यानं ओला केला आणि हलकेच अंगाकडे ओढला. पाण्याच्या वाटीत काप तरंगू लागला तेव्हा तो आहे की नाही हे शोधावं लागलं. मास्तर लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, पोरं यायच्या आधी, खंडोजी शाळेत जाऊन काप करून ठेवू लागला. वर्गाची एक किल्लीच मास्तरांनी त्याच्याजवळ दिली. अट एकच घातली: मी नसताना यंत्राला हात लावायचा नाही. अट मास्तरांची होती तितकीच राजकारणाचीही होती. खंडोजीचं घर पडत होतं धाकट्या पातीत. धाकट्या पातीच्या माणसानं थोरल्या पातीचं यंत्र हाताळलं असं कुणी लिहून दिलं असतं, तर त्या कागदावर दोन्ही दरबार वर्षभर खेळले असते.

काप बरा उतरला की नाही हे बघायला मास्तर त्यालाही भिंगातून पाहू देत. पहिल्यांदा बुचाचा काप पाहिला तेव्हा खंडोजीला नुसत्या रिकाम्या खोल्या दिसल्या, भिंतीला भिंत लागून.

"विलायतेत अडीचशे वर्षांपूर्वी एकानं हेच पाहिलं," मास्तर म्हणाले. "त्यानं त्यांना कोठड्या म्हटलं. आपण पेशी म्हणू. पण बूच मेलेलं असतं, म्हणून ह्या कोठड्या ओस पडलेल्या. आता हे बघा."

कांद्याच्या पापुद्र्यावर त्यांनी आयोडिनाचा थेंब टाकला होता. याही खोल्याच होत्या, पण भरलेल्या. प्रत्येकीत काहीतरी पातळ, दाणेदार, आणि त्यात एक गोल पिवळट ठिपका. मग मास्तरांनी खंडोजीच्याच गालाच्या आतून काडीनं थोडं खरवडून काचेवर घेतलं. तिथे भिंती नव्हत्या, नुसते पातळ पडद्यात गुंडाळलेले लिबलिबीत तुकडे. पण ठिपका होताच.

"झाड असो, बेडूक असो, राजा असो की तुम्ही-आम्ही, सगळे जीव ह्या पेशींचेच बनलेले. आणि पेशी आकाशातून पडत नाही, पेशीतूनच पेशी निघते. तो ठिपका तिचं केंद्र. तिचा सगळा कारभार तिथून चालतो. केंद्र काढून घेतलं की पेशी वाढत नाही, दुसरीला जन्म देत नाही. थोड्या दिवसांत संपते."

"म्हणजे बी," खंडोजी म्हणाला.

"बी म्हणा."

खंडोजीनं हे पक्कं मनात ठेवलं. कारभाऱ्यांची दाढी करताना त्याला वाटे, या फुगलेल्या गालात असे किती ठिपके असतील, आणि कारभाऱ्यांना त्याचा पत्ताच नाही! त्याला मोठी गंमत वाटायची. ही गंमत भाद्रपद संपेपर्यंत टिकली.

भाद्रपदाच्या अखेरीस त्याची एकुलती एक मुलगी सुभद्रा धारहून बाळंतपणाला आली. जावई मल्हारराव धारच्या दरबारी पागेत नोकरीला होता. त्यानं बैलगाडीत गादी घालून तिला आणून सोडलं आणि तो परत गेला. सुभद्रेला सातवा महिना लागला होता. गाडीतून उतरून अंगण ओलांडेपर्यंत ती दोनदा थांबली. ओठ पांढरे, नखं पांढरी, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर तीही पांढरी. खंडोजीची बायको जानकी म्हणाली, "प्रवासाचा शीण आहे." वैद्य म्हणाले, "पांडुरोग," आणि त्यांनी मधातून मंडूर, म्हणजे लोखंडाचं भस्म, चालू केला. खंडोजीला शीण पटला नाही. माणसांच्या चेहऱ्यावर ज्याची हयात गेली त्याला शीण कोणता आणि दुखणं कोणतं हे कळतं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी वर्गात बेडकाचं रक्त दाखवलं. खंडोजी काप देऊन मागे उभा होता, त्यालाही बघायला मिळालं. लांबट, गोलसर दाणेच दाणे, आणि रंग टाकल्यावर प्रत्येकात मधोमध बी. "डॉक्टर लोक असंच माणसाचं रक्त पाहतात आणि रोग ओळखतात," मास्तर म्हणाले. "आता माणसाच्या रक्तात—" एवढ्यात घंटा झाली. पोरं उठली. पुढचं मास्तर दुसऱ्या दिवशी बोलले, पण दुसऱ्या दिवशी खंडोजी फडणिसांकडे श्राद्धाच्या हजामतीला गेला होता.

फडणिसांकडून परतल्यावर त्या संध्याकाळी तो नखं काढायची नराणी घेऊन सुभद्रेजवळ बसला.

"सुभे, बोट दे जरा. मुंगी चावल्यावानी होईल."

"काय करता, आबा?"

"तुझं रक्त बघतो. शाळेत दुर्बीण आहे ना."

"तुम्हाला काय समजतं त्यातलं?" ती हसली, पण बोट पुढे केलं. रक्त यायला वेळ लागला. आलं तेही पाणचट. खंडोजीनं ते काचेवर घेतलं आणि वस्तऱ्याच्या कडेनं असं पसरलं की काच नुसती धुरकट झाल्यासारखी दिसावी. काप करून करून हाताला वळण पडलं होतं.

पहाटे शाळा उघडून त्यानं खिडकीशी दुर्बीण लावली. अट मोडतोय हे त्याला कळत होतं. बाहेर झाडूवाल्याची पावलं वाजली तरी तो दचकत होता. मास्तर टाकायचे तसा रंगाचा थेंब टाकला, आरसा फिरवला, डोळा लावला.

दाणे होते. गोल, बारके, विरळ. त्यानं आणखी निरखून पाहिलं. एकाही दाण्यात बी नव्हतं. कड तेवढी फिकट लाल, आणि मध्ये जिथे बी असायला हवं तिथे पांढरं. बुचाच्या कोठड्यांसारखं सगळं ओस. बेडकाच्या रक्तात बी होतं, कांद्यात होतं, त्याच्या स्वतःच्या गालात होतं. त्याच्या सुभद्रेच्या रक्तात नव्हतं.

तो तिथेच खाली बसला. केंद्र काढून घेतलं की पेशी थोड्या दिवसांत संपते. पेशीतूनच पेशी निघते. मग पोटातलं ते पोर कशातून निघणार? ज्या बाईच्या रक्तातच बी नाही, तिच्या पोरात कुठून येणार? त्यानं काच फडक्यात गुंडाळून धोकटीच्या तळाशी घातली, दुर्बीण जशीच्या तशी ठेवली आणि दाराला कुलूप लावलं.

घरी सुभद्रा दारातच बसली होती. "आबा, काय दिसलं?"

खंडोजीनं धोकटीतून वस्तरा काढला आणि फडक्यानं पुसायला लागला. "छान आहे. एकदम झकास. लाल-लाल दाणे, मोत्यावानी."

"खरंच?"

"तर! फिकर करू नको." आणि तो कोरडा, लख्ख वस्तरा त्यानं पुन्हा एकदा पुसला.

तिथून त्याचा जीव टांगणीला लागला. सांगावं तर कुणाला? जानकीला सांगितलं तर ती त्याच पावली ऊर बडवून घेईल. वैद्यांना सांगितलं तर ते म्हणतील, न्हाव्यानं आता वस्तरा सोडून दुर्बीण धरली. मास्तरांना सांगावं तर चोरून यंत्र वापरल्याचं सांगावं लागणार. किल्ली जाईल, 'तुम्ही' जाईल, आणि बभ्रा झाला तर दोन्ही पातींतली दाढी जाईल. पण खरं कारण हेही नव्हतं. मास्तर 'होय' म्हणाले असते तर? अजून ती गोष्ट एका काचेवर आणि त्याच्या डोक्यात होती. मास्तर 'होय' म्हणाले की ती खरी झाली असती. खंडोजी याला भ्याला, आणि भिऊन गप्प बसला. शहाणी माणसंसुद्धा अशा वेळी हेच करतात, त्याला एकट्याला काय बोल लावायचा!

सुभद्रा रोज विचारायची, "आबा, नीट बघितलं होतं ना?" आणि रोज तो वस्तरा पुसायचा. तिसऱ्या दिवशी तो वैद्यांकडून मंडुराची दुप्पट पुडी घेऊन आला. पाचव्या दिवशी अनवाणी देवीची टेकडी चढून आला. देवीसमोर हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. बी मागावं तर किती? दाणे तर मोजता येत नव्हते. सहाव्या दिवशी धारला मल्हाररावाला कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं, 'सवड काढून येऊन जावे', एवढंच. जानकीनं विचारलं, "कशाला बोलावता त्याला? दोन महिने आहेत अजून." तो म्हणाला, "असंच." सुभद्रा जिन्याच्या दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसलेली दिसली की तो तोंड फिरवून गोठ्यात जायचा आणि तिथे उगाच उभा राहायचा.

आठव्या दिवशी शाळेत वरचे तपासनीस यायचे होते. मास्तरांना पातळ काप हवे होते. खंडोजीनं देठ कापला, तो जाड उतरला. दुसरा तिरका. तिसऱ्याला वस्तरा गाजरातच रुतला.

"खंडोजी, अहो काय हे? भाकरीचे तुकडे झाले की!" मास्तर हसत म्हणाले आणि मग त्याचा चेहरा पाहून थांबले. "बरं नाही का?"

तीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं एक गुपित आठ दिवसांवर पेललं नाही. त्याचा बांध फुटला. पहाटेची चोरी, बोट, काच, पांढरे दाणे, सगळं त्यानं एका दमात सांगितलं. "मास्तरसाब, बेडकाला बी आहे, अन् माझ्या पोरीला नाही," तो म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

मास्तर आधी चिडले. "माझ्या मागे यंत्र? भिंगाला रंग लागला असता म्हणजे?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नराणी आहे जवळ? तुमचं बोट टोचा. आता माझं टोचा."

"तुमचं?"

"टोचा म्हणतो ना!"

न्हाव्याचं आणि ब्राह्मणाचं रक्त दोन काचांवर शेजारी शेजारी पसरलं. मास्तरांनी रंग टाकला, आरसा फिरवला आणि त्याला डोळा लावायला सांगितलं. खंडोजीनं एक काच पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"कुठेच नाही."

"नसतंच. बेडकाच्या रक्तात असतं, माणसाच्या तांबड्या दाण्यांत नसतं. गाईच्या नसतं, घोड्याच्या नसतं. हाडाच्या आतल्या मगजात हे दाणे तयार होतात तेव्हा बी असतं. रक्तात उतरताना ते टाकून देतात. त्यांचं काम नुसतं हवा वाहून न्यायचं, म्हणून आत जागा करतात. काही दिवस वाहतात आणि संपतात, मागून नवे येतात."

"मग हे सांगायचं होतं ना त्या दिवशी!" खंडोजी ओरडलाच.

त्या दिवशी घंटा झाली होती, हे दोघांनाही आठवलं.

"तुमच्या मुलीची काच कुठे आहे?"

धोकटीच्या तळातून काच निघाली. मास्तर बराच वेळ भिंगावर वाकून होते. मधेच म्हणाले, "हे पाहा." तांबड्या दाण्यांच्या गर्दीत एक मोठा, वेगळा दाणा होता, आणि त्यात निळसर, ठसठशीत बी. "पांढरी पेशी. ह्यांना असतं. तुमच्या सुभद्रेलाही आहे." खंडोजीच्या जिवात जीव आला. त्याला हसू फुटलं, त्यानं उपरण्यानं नाक पुसलं, आणि मास्तरांचे पाय धरायला तो वाकला. मास्तर मात्र हसत नव्हते.

"उठा. आता आपली काच बघा आणि पुन्हा हिची. आपले दाणे मध्ये जरासे फिके आहेत. हिच्यात नुसती कड राहिली आहे. आणि किती विरळ आहेत, बघा. मी डॉक्टर नाही, खंडोजी. पण मी तुमच्या जागी असतो तर आजच्या आज इंदूर गाठलं असतं. ही काच घेऊन जा. किती दिवस झाले याला?"

"आठ."

मास्तरांनी मान हलवली. ते आठ दिवस खंडोजीला पुढे जन्मभर पुरले.

दुपारच्या आत गाडी जुंपली. वाटेत क्षिप्रेच्या पुलाशी गाडीवान बैलांना पाणी पाजत होता, तेव्हा खंडोजीनं सुभद्रेला खरं सांगितलं. "सुभे, मी खोटं बोललो तुझ्याशी. छान नव्हतं."

"ठाऊक होतं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आबा, तुम्ही खोटं बोलताना कोरडा वस्तरा पुसता. मी लहान होते तवापासून बघते. मी म्हटलं, सांगत नाहीत तर मरायलाच टेकलेय मी."

आठ दिवस आपण तिला जपत होतो असं त्याला वाटत होतं, आणि आठ दिवस ती एकटीच मरण घेऊन बसली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो इंदुरापर्यंत तसाच बसला.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी सुभद्रेची पापणी पाहिली, काच पाहिली, "ही कुणी केली?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकून एकदा धोकटीकडे पाहिलं. लोहाच्या गोळ्या, दूध, गूळ, पालेभाजी, आणि बाळंतपण होईस्तोवर इथून हलायचं नाही. "आणखी पंधरा दिवस काढले असते तर मी काही बोलू शकले नसते," त्या म्हणाल्या. आताही त्या फार काही बोलत नव्हत्या. दोन महिने खंडोजी देवास आणि इंदूर करत राहिला. दर खेपेला व्हरांड्यात पाऊल टाकताना त्याला वाटे, आज कुणीतरी समोरून येऊन हात धरील. मल्हारराव धारहून आला आणि तिथेच पथारी टाकून राहिला. मार्गशीर्षात एका दुपारी सुभद्रेला मुलगा झाला. रक्त गेलं, पण बेतानं गेलं. तिचे ओठ पांढरे होते, तरी हलत होते. "आबा आले का?" असं ती विचारत होती.

वर्ष होत आल्यावर देवासला जावळ काढायचं ठरलं. नातवाचं पहिलं डोकं कोण करणार यावर बोलायचं कारणच नव्हतं. मामा नव्हता, म्हणून मुलाला मांडीवर सुभद्रेनंच घेतलं. तिच्या गालावर आता चांगला रंग होता. जानकी ओवाळायला ताट घेऊन उभी, शेजारच्या बाया दाटीवाटीनं जमलेल्या, कृष्णराव मास्तर पाटावर. खंडोजीनं वस्तरा पाण्यानं ओला केला. अर्धं डोकं लोण्यासारखं साफ झालं, आणि तेवढ्यात त्या द्वाड कार्ट्यानं वाटीकडे झडप घातली. कानाच्या वर एक लाल ठिपका उमटला.

बाया "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. जानकीचं ताट हललं. तीस वर्षांत, दोन राज्यांत, एकाही गालावर नाही, आणि इथे! तो त्या ठिपक्याकडे नुसता बघत राहिला.

सुभद्रेनं मुलाला घट्ट धरलं आणि बापाकडे पाहिलं. "आबा," ती हळूच म्हणाली, "काय दिसलं?"

खंडोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काही नाही, बाई," तो म्हणाला. "बी नाही त्यात. एकदम रिकामं आहे." पोर आता ठणठणीत रडत होतं. वस्तऱ्याच्या कडेला नातवाचं रक्त लागलेलं होतं, आणि खंडोजीनं तो पुसला नाही.